दुधी कुणाचा?

आमच्या सोसायटीच्या बागेतला पहिला मोठा वाद दुधीवरून झाला. जागा, पाणी, खत, खर्च या सगळ्यावर सर्वसाधारण सभेत रीतसर चर्चा झाली होती, ठराव झाला होता, सह्या झाल्या होत्या. पण मागच्या भिंतीलगतच्या जाळीवर चढवलेल्या वेलाला हातभर लांब दुधी धरला, तेव्हा तो कुणाच्या घरी जायचा हे कुठल्याच ठरावात नव्हतं. बी लावलं होतं बी विंगमधल्या काकूंनी, गावाहून पदराला बांधून आणून. रोज सकाळी पाणी घातलं होतं बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी. वर्गणी काढून जाळी आणली ते तिसरेच. आणि पाणी बोअरचं, म्हणजे ४८ घरांचं. प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं आणि दुधी एकच होता.

शेवटी तो किसला गेला आणि त्या रविवारी श्रमदानाला आलेल्यांनी त्याची थालीपीठं खाल्ली. वेळ निभावली. पण वेलावर मागोमाग आणखी कोवळी फळं धरत होती, आणि दर वेळी थालीपीठं लावून भागणार नव्हतं.

म्हणून हल्ली ओळखीतलं कुणी विचारतं, ‘आम्हालाही आमच्या इमारतीत अशी बाग करायची आहे, सुरुवात कुठून करू?’, तेव्हा माती-बियाण्याचं मी नंतर सांगते. आधी सांगते की पेरायच्या आधी चार माणसं बसा आणि येणारं पीक कसं वाटायचं ते ठरवा. लोकांना हे जरा विचित्र वाटतं. अजून कोंब नाही आणि ही बाई वाटणीचं बोलते! पण सामायिक बाग मोडते ती बहुतेकदा किडीमुळे मोडत नाही. कुणाला तरी वाटत राहतं की मी राबतोय आणि खातंय दुसरंच कुणीतरी. मग तो यायचा थांबतो, त्याला बघून दुसरा थांबतो, आणि उन्हाळ्यात बाग वाळते.

घरटी एकेक वाफा आखून देऊ, ज्याचं त्याने पिकवावं आणि खावं, असा एक मार्ग आमच्याही सभेत सुचवला गेला. इंग्लंडमध्ये असं शतकाहून जास्त काळ चाललेलं आहे. तिथे १९०८ च्या कायद्याने गावोगावच्या नगरपालिकांवर अशा तुकड्यांची सोय करण्याची जबाबदारी टाकली. तिथल्या एका पूर्ण तुकड्याचं रूढ माप साधारण अडीचशे चौरस मीटर. आमची मागची सगळी जागा धरून जेमतेम दोन गुंठे, म्हणजे दोनशे चौरस मीटरच्या आसपास. तिथल्या एका माणसाला मिळते त्याहून आमची ४८ घरांची जागा कमी! घरटी जेमतेम पंचेचाळीस चौरस फूट येते, आणि त्यात पायवाट सोडायची राहिलीच आहे.

शिवाय जमीन फुटपट्टीने वाटता येते, ऊन वाटता येत नाही. आमच्या जागेचा एक तृतीयांश भाग इमारतीच्या सावलीत, एक जांभळाच्या झाडाखाली, आणि राहिलेल्या भागातच दिवसाकाठी सहा तास ऊन. वांगी-मिरची येणार ती तिथेच. चिठ्ठ्या टाकून वाफे दिले असते तर ज्याच्या नशिबी सावली आली त्याने पहिल्याच हंगामात बागेकडे पाठ फिरवली असती.

इथे मला माझं आजोळ उपयोगी पडलं. आजोळ धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. त्या भागात फड बागायत आहे, काही शतकं चालत आलेली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि त्या पाटावर भिजणारी जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्या फडात भुसार, पुढच्या साली फिरवाफिरव. पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, या सगळ्यांवर लक्ष ठेवायला हवालदार. हे लोक सरकारने नेमलेले नसत, गावाने नेमलेले असत आणि त्यांचं मानधन शेतकरी देत. आबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, यांचा एक तुकडा वरच्या फडात होता, एक मधल्या आणि एक खालच्या. लहानपणी मला वाटायचं, एवढी विखुरलेली जमीन काय कामाची? एकदा आबांना विचारलं तर म्हणाले, ‘पोरी, पाणी कमी पडलं तर एकच फड भिजतो. मग तो फड सगळ्यांचा नको का?’

मला वाटतं, सामूहिक शेतीबद्दल याहून शहाणं वाक्य मी पुढे कुठे ऐकलं नाही. टंचाईत ज्या फडाला पाणी मिळेल त्यात बहुतेकांचा थोडा तरी वाटा असणार, त्यामुळे पाणी कुठे सोडायचं यावरून गाव फुटत नाही. शेत ज्याचं त्याचं, पण पीक आणि पाणी मिळून ठरवायचं.

आम्ही तेच केलं. जागेचे तीन पट्टे पाडले, घरांप्रमाणे नाही तर उन्हाप्रमाणे. पूर्ण उन्हाच्या पट्ट्यात वांगी, मिरची, भेंडी, गवार, थंडीत टोमॅटो. अर्ध्या उन्हात मेथी, पालक, चुका, शेपू, कोथिंबीर. जांभळाखाली अळू, हळद, आलं, पुदिना. काम करायला तयार असलेल्या घरांचे गट केले, आणि प्रत्येक गटाची पाळी तिन्ही पट्ट्यांत. मिरचीवाला गट वेगळा, अळूवाला वेगळा, असं नाहीच. पिकाचे वाटे तीन. पहिला त्या आठवड्यात राबलेल्यांचा. दुसरा वॉचमनमामा, झाडलोट करणाऱ्या मावशी आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचा. तिसरा फाटकाजवळच्या टेबलावर मांडायचा. तो कुणीही उचलावा, शेजारच्या डब्यात जमेल तेवढे पैसे टाकावेत, आणि त्यातून बियाणं यावं. दुधी, भोपळा असं मोठं फळ असेल तर लिलाव. गणपतीत मंडळाच्या नारळाचा होतो तसाच, जोरजोरात बोली लावून. लिलावात दुधीला बाजारापेक्षा जास्त भाव येतो आणि घेणारा तो मिरवत घरी नेतो.

दुसऱ्या वाट्यावरून मात्र सभा तापली. ‘त्यांना पगार मिळतो की,’ हा मुद्दा आला. ‘हवं तर दिवाळीला जास्त बोनस देऊ’ हेही आलं. मला त्या दिवशी पुरंदर तालुक्यातलं नायगाव आठवलं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाणी किती मिळणार ते जमिनीवर ठरायचं नाही, घरातल्या माणसांवर ठरायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ऊस घ्यायचा नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ज्यांना जमीनच नाही त्यांचाही पाण्यावर हक्क. जमीन नसलेल्या माणसाला पाण्याचा वाटा द्यायचा, ही गोष्ट आजही ऐकताना अंगावर रोमांच येतात.

आमच्या सोसायटीत भूमिहीन कोण? ज्यांच्या नावावर फ्लॅट नाही, शेअर सर्टिफिकेट नाही, सभेत मत नाही ते. वॉचमनमामांचं कुटुंब पंपाच्या खोलीशेजारी राहतं. मूळचे परभणीकडचे. त्यांच्या घरातल्या वहिनींनी आयुष्यात जेवढी मेथी पेरली असेल तेवढी आम्ही ४८ घरांनी मिळून विकत आणलेली नाही. पहिल्या मेथीच्या वेळी आम्ही सगळे वाफ्यात बोटाने खड्डे करून एकेक दाणा पुरत होतो. त्या कपडे वाळत घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘काकू, बी लई खोल चाललंय. वर यायच्या आतच दमंल.’ मग स्वतःच आल्या. मूठभर मेथी घेतली, मनगट ढिलं सोडलं आणि बोटांच्या फटीतून दाणे असे सोडले की सगळ्या वाफ्यात सारखे पडले. वरून तळहात उलटा करून माती नुसती हलवली. पाणी झारीने, बारीक. चौथ्या दिवशी वाफा हिरवा. आमच्या हाताने पेरलेला शेजारचा वाफा त्यानंतर आठवडाभराने उगवला, तोही ठिगळाठिगळांनी.

अशा बाईला बागेत ‘मदतीला बोलावणं’ आणि तिला वाटेकरी करणं यात फार अंतर आहे. सभेत मी हेच बोलले, जरा चढ्या आवाजात बोलले. ठराव थोड्या मतांच्या फरकाने मंजूर झाला. आता बागेच्या समितीत वहिनींची जागा आहे आणि हंगामात काय पेरायचं ते त्यांच्या संमतीशिवाय ठरत नाही.

मातीबद्दल सांगायचं तर, आमच्याकडे ती नव्हतीच. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या मागे खणा. आधी राडारोडा, मग मुरूम, मग फरशीचे तुकडे. कुदळ मारली की ठिणगी. माती विकत आणायची म्हणजे ती कुणाच्या तरी शेतातून खरवडून आलेली असणार, आणि मला ते पटत नव्हतं. माती तयार करायची असते हे महाराष्ट्राला श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी शिकवलं. गणिताचे प्राध्यापक, कोल्हापूरचे, ‘प्रयोग परिवारा’चे. शेतकऱ्यानेच प्रयोग करावेत, नोंदी ठेवाव्यात आणि एकमेकांना पत्राने कळवावेत, असं त्यांनी जाळं विणलं. त्यांचीच वाट पुढे नेत दीपक सचदे यांनी अमृतमातीची पद्धत रुळवली. मुंबईत डॉ. दोशींनी उसाच्या चिपाडांवर गच्चीत भाजी घेऊन दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन फळझाडं आणि भाज्या उभ्या केल्या, त्याच स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यावर. यातलं बरंच काम साध्या माणसांच्या हातून झालेलं आहे. म्हणून आपल्यालाही जमेल, असं वाटायला बळ येतं.

अमृतमातीला वेळ लागतो. आधी अमृतजल. दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ, तीन दिवस ढवळत ठेवायचं आणि मग दहापट पाण्यात मिसळायचं. त्यात वाळका पाला दिवसभर भिजवायचा, पाल्याचे आणि थोड्या मातीचे थर देत ढीग रचायचा, ओल टिकवायची, अधूनमधून उलथायचा. ढीग मुरला की त्यावर धान्यं, कडधान्यं, तेलबिया, भाज्या, मसाल्याची बियाणी अशी सगळी मिसळ पेरायची आणि उगवलेली रोपं २१, ४२ आणि ६३ व्या दिवशी छाटून पुन्हा त्याच ढिगात घालायची. चार-पाच महिने जातात. एवढा काळ सभासदांना दिसतो तो नुसता पाल्याचा ढीग. ‘बाग कुठंय?’ असं येता-जाता ऐकावं लागतं. हा काळ सगळ्यात अवघड. ज्यांनी हा काळ एकत्र काढला तीच माणसं आज बागेचा कणा आहेत.

पाला मात्र मुबलक. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातले रस्ते पाल्याने भरतात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर तो पेटवलेला दिसतो. अदिती देवधर यांच्या ‘ब्राऊन लीफ’ने इथे एक साधी सोय केली. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे त्यांची आणि ज्यांना हवा आहे त्यांची गाठ घालून द्यायची. आमच्याकडेही आता आसपासच्या बंगल्यांतून पोती येतात. ओल्या कचऱ्याचं जरा जपून. भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा चालतो. शिजवलेलं अन्न आणि हाडं आमच्या खड्ड्यात घालत नाहीत, कारण घुशी लागल्या की सोसायटीचा बागेवरचा लोभ एका रात्रीत आटतो.

मे महिना हा दुसरा अवघड काळ. निम्मी घरं गावाला गेलेली, टँकरचे पैसे मोजताना सेक्रेटरींचा चेहरा उतरलेला, आणि वाफे तापलेले. आम्ही वेलांच्या बुडाशी साधी भाजलेली मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरतो, पाण्याने भरतो आणि वर वाटी झाकतो. पाणी पाझरत मुळापाशी जातं, दोन-तीन दिवस पुरतं. वर पाल्याचं जाड आच्छादन. तेव्हा नवं काही पेरायचं नाही, असलेलं जगवायचं.

आणि दुधीचं परागीकरण. हे मला इतकं आवडतं की त्याबद्दल न लिहिता पुढे जाववत नाही. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. पांढरंशुभ्र, पातळ, हाताला ओलसर लागणारं. नर फुलाचा देठ लांब आणि सरळ. मादी फुलाच्या खाली बोटाच्या पेराएवढा, लव असलेला इवला दुधी आधीच धरलेला असतो. पतंग येऊन काम करून गेले तर तो वाढतो, नाही तर पिवळा पडून गळतो. आमच्याकडे बरेच गळायचे. मग वहिनींनी पोरांना शिकवलं. दिवेलागणीला नर फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्याशी हलकेच टेकवायचा. सहावीतली एक मुलगी एका हातात मोबाइलचा दिवा धरून हे करते तेव्हा बाकीची पोरं श्वास रोखून उभी असतात. फुलाच्या देठाला ती दोऱ्याने स्वतःची खूण बांधते, आणि पुढचे चार दिवस शाळेतून आली की आधी वेलापाशी. वहीत नोंद आहे तिची, कुठला धरला, कुठला गळाला. दाभोलकर सर असते तर ती वही त्यांनी हातात घेऊन नीट वाचली असती, असं मला अगदी मनापासून वाटतं.

चोरीही झाली. रात्रीत वांगी गेली, तीही कोवळी, देठ ओरबाडून. लगेच कॅमेऱ्याची मागणी आली. मी विरोध केला. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने आयुष्यभर हेच शोधलं की कुरणं, जंगलं, कालवे, मासेमारीची जागा अशा सामायिक गोष्टी काही ठिकाणी शेकडो वर्षं का टिकतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. टिकलेल्या ठिकाणी त्यांना दिसलं ते असं: नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, राखण त्यांच्यातलंच कुणीतरी करतं, आणि पहिल्या चुकीला शिक्षा छोटी असते, पुढे वाढत जाते. आमच्या फडातला जागल्या हा असाच, गावाला उत्तर देणारा. कॅमेरा कुणालाच उत्तर देत नाही. आम्ही फाटकावर पाटी लावली: ‘भाजी हवी असेल तर सांगा, कोवळी तोडू नका.’ वांगी नेणारा कोण ते आम्हाला कळलंही. आपल्याच इमारतीतलं घर, नोकरी गेलेली, हात तंग. त्या घराला पाळी दिली. त्यांचा पहिला वाटा आता दर आठवड्याला हक्काने जातो. ही गोष्ट समितीबाहेर गेली नाही आणि इथेही मी यापुढे सांगणार नाही.

आता आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांची हीच वेळ आहे, आणि इमारत खरोखरच जुनी झाली आहे, गळते, लिफ्ट नाही, वयस्कर माणसांचे हाल होतात. त्यामुळे विरोध करायचा नाही हे माझं आधीच ठरलं आहे. पण आलेल्या नकाशात जिथे बाग आहे तिथे गाड्यांचा रॅम्प आहे, आणि ‘गार्डन’ म्हणून जे दाखवलंय ते पार्किंगच्या छतावर, फुटाभर मातीचं, शोभेच्या झाडांचं. तिथे जांभूळ नाही, अळू नाही, आणि उन्हाचा तर कुणी विचारच केलेला नाही. पंपाच्या खोलीशेजारचं घर नकाशात कुठेच नाही.

न्यूयॉर्कमध्ये बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी पडीक, कचऱ्याने भरलेल्या जागेवर बाग केली. पुढच्याच वर्षी शहराने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. तशा बागा शहरभर वाढल्या, आणि १९९९ मध्ये महापालिकेने शंभराहून जास्त बागांच्या जमिनी लिलावात काढल्या. लोकांनी आंदोलनं केली, दोन संस्थांनी पैसे उभे करून त्या बागा विकत घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. कागदावर हक्क नसेल तर वीस-पंचवीस वर्षांची मेहनतसुद्धा रिकामा प्लॉट म्हणून मोजली जाते. फडालाही हे माहीत होतं. कुणाचं पाणी किती, कुणाचं काम काय, हे तिथे ठरलेलं होतं आणि सगळ्यांना पाठ होतं.

म्हणून आम्ही विकसकाशी होणाऱ्या करारात घालायची कलमं लिहून दिली आहेत. एक, दोन गुंठे खरी जमीन, खाली तळघर नसलेली, दिवसाला सहा तास ऊन मिळेल अशा बाजूला. दोन, तयार झालेली अमृतमाती बांधकामाच्या काळात झाकून ठेवण्याची जागा, आणि बोअरच्या पाण्याची बागेसाठी वेगळी जोडणी. तीन, बागेच्या पिकाचे तीन वाटे, त्यातला दुसरा सोसायटीत काम करणाऱ्यांचा, आणि वॉचमनच्या कुटुंबासाठी नव्या इमारतीत राहती खोली.

पहिल्या दोन कलमांवर विकसकाचा वकील बोलायला तयार आहे. तिसरं त्याने खोडून परत पाठवलं, भाजीची वाटणी आणि नोकरांची खोली हा कराराचा विषय होत नाही म्हणून. परवाच्या रविवारी श्रमदान झाल्यावर आम्ही जांभळाखाली बसलो, वहिनीही होत्या. ते कलम शब्द न शब्द तसंच लिहून काढलं आणि या वेळी खाली समितीसोबत ३१ घरांच्या सह्या घेऊन परत पाठवलं. उरलेल्या घरी या आठवड्यात जायचं आहे.